वाचनालयासाठी मित्रमंडळ काढायचं आहे, वेगळी नोंदणी करावी की नको?

घाटमाथा

आमच्या गावचं वाचनालय 'ब' वर्गातलं (सरकारी अनुदानासाठी 'अ' ते 'ड' असे वर्ग असतात). सातारा जिल्हा. तालुक्याचं ठिकाण नाही, पण बाजाराचं गाव आहे. आम्ही सात-आठ जण इथेच वाचून मोठे झालो, आता सगळे पुण्यात नोकरीला. ग्रंथपाल एकटेच आहेत. अनुदानाचा हप्ता लांबला की त्यांचा पगारही लांबतो. स्पर्धा परीक्षेची पोरं जिन्यात बसून अभ्यास करतात, कारण वर पंखा नाही.

दरवर्षी थोडे थोडे पैसे उभे करायचे असं ठरतंय. कार्यकारिणीत वर्षानुवर्षं तीच मंडळी आहेत, त्यामुळे आमच्यातल्या काहींना आपला स्वतंत्र ट्रस्ट हवा आहे. एकाचं म्हणणं, आधी पुस्तकं गोळा करू, पैशांचं नंतर बघू. अनुभव असेल त्यांनी सांगावं.

दाखल_नोंदवही

कोकणात एका वाचनालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पुस्तकं गोळा करू नका. मोहीम काढली की काय येतं ते मी पाहिलंय. जुन्या अभ्यासक्रमाची बारावीची गाइडं, कोऱ्या डायऱ्या, माळ्यावरची मासिकं आणि त्यांच्याबरोबर फुकटात वाळवी. पुस्तक एकदा दाखल करून क्रमांक पडला की ते काढून टाकायला यादी करा, कार्यकारिणीचा ठराव घ्या, ही सगळी कटकट. शिवाय देणाऱ्याचा भाऊ कार्यकारिणीत असतोच. त्यापेक्षा पुस्तकाचे पैसे मागा. काउंटरवर मागणीवही ठेवा आणि वाचक जे लिहितील ते घ्या. आमच्या वहीत लहान मुलांची पुस्तकं आणि नवे अनुवाद यांनाच सगळ्यात जास्त मागणी असायची. दान आलेल्या गठ्ठ्यात नेमकं तेच नसायचं.

आता ट्रस्टचं. अहो, तुमचं वाचनालय हाच एक ट्रस्ट आहे! 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंदलेलं असणार. आपल्याकडे बहुतेक वाचनालयं सरकारनं काढलेली नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. 1967 चा ग्रंथालय कायदा पुष्कळ नंतर आला आणि लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना त्यानं मान्यता आणि अनुदान दिलं. म्हणजे तुम्ही ज्याला मित्रमंडळ म्हणताय, ते वाचनालयाच्या सभासदांचंच काम आहे. वेगळा ट्रस्ट काढलात की वेगळं ऑडिट आलं, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट (बदलाची धर्मादाय कार्यालयात नोंद) आला आणि गावात दोन पावतीपुस्तकं फिरू लागली. दोन पावतीपुस्तकं दिसली की लोक दोन्हीकडे 'तिकडे दिलेत' म्हणून सांगतात. कार्यकारिणी जुनी वाटते ना? मग सगळे आजीव सभासद व्हा, वार्षिक सभेला या, निवडणुकीला उभे राहा. पुण्यात बसून तक्रार करणाऱ्यांना गाव मोजत नाही, हे कडू वाटलं तरी खरं आहे.

पैसे कशासाठी मागायचे, ते आधी ठरवा. अनुदानात 2022 ला साठ टक्के वाढ झाली, त्याआधीची वाढ 2012 ची. त्यातलं निम्मं वेतनावर आणि निम्मं वेतनेतर खर्चावर जातं. पगाराचा बोजा तुम्ही कायमचा उचलू नका, दोन वर्षांत दमाल. एक ठेव करा. हप्ता लांबला की ग्रंथपालांचा पगार त्यातून द्यायचा, हप्ता आला की रक्कम परत ठेवीत. तसा ठराव लिहून घ्या, नाहीतर परत करायचं सोयीस्करपणे विसरलं जातं. पंखा, टेबलं, वायरिंग यासाठी मात्र एकरकमी मागा. वडिलांच्या स्मरणार्थ पंखा द्यायला लोक आनंदानं तयार होतात, वीजबिलाला कोणी स्मरणार्थ देत नाही.

वाचनालयाकडे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का ते विचारून घ्या. असेल तर पैसे चेकनं किंवा यूपीआयनं घ्या, कारण दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला करात सवलत मिळत नाही.

खाडीपलीकडचा

मी कॅलिफोर्नियात आमच्या शहराच्या 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी'त काम करतो. इथे ग्रंथालय शहराचं किंवा काउंटीचं असतं, पगार कराच्या पैशातून होतो, म्हणून फ्रेंड्सची संस्था वेगळी नोंदतात. ताईंचा मुद्दा तिथे बरोबर आहे, तुमच्याकडे वेगळी नोंदणी कशाला?

पण पुस्तकांबद्दल थोडं वेगळं मत आहे. आम्ही दान आलेली पुस्तकं घेतो, पण त्यातली फार थोडी कपाटात जातात. बाकीची विकतो. ग्रंथालयानं काढून टाकलेली पुस्तकंही त्याच विक्रीत. शेवटच्या दिवशी ठराविक डॉलर भरा आणि पिशवीत मावतील तितकी न्या. त्या दिवशी लोक भाजी घ्यावी तशी पुस्तकं घेतात. त्या पैशांतून मुलांचा उन्हाळी वाचनाचा कार्यक्रम चालतो.

दाखल_नोंदवही

विकायला म्हणून घ्या की, माझी ना नाही. पण 'विक्रीसाठी' असं फलकावर ठळक लिहा. नाहीतर देणारा सहा महिन्यांनी येतो आणि माझं पुस्तक कुठल्या कपाटात आहे म्हणून विचारतो. गाइडं तेव्हाही नाकाराच. आणि भरवशाचं उत्पन्न हवं असेल तर दिवाळी अंकांची योजना नीट चालवा. एकदाच वर्गणी घ्यायची, अंक आलटून पालटून द्यायचे, होळीपर्यंत लोक येत राहतात. त्यातले निम्मे पुढे वर्षभराचे सभासद होतात, निदान आमच्याकडे व्हायचे.

घाटमाथा

धन्यवाद ताई. ट्रस्टचा विषय आमच्या ग्रुपवर बंद केला, दोघं रुसलेत. पंखे आणि टेबलांचं लगेच करू. आजीव सभासद झालो तर याच वर्षी मतदान करता येईल का?

दाखल_नोंदवही

ते तुमच्या वाचनालयाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत बघा, प्रत्येकाची वेगळी असते. कार्यालयात सापडत नाही म्हणाले तर धर्मादाय कार्यालयात नक्कल मागा. आणि रुसलेल्या दोघांना दिवाळी अंकांच्या कामाला लावा.