स्मरणिकेसाठी कॉलेजचं खरं स्थापना साल कोणतं?

बी-२०३ : सोसायटीच्या ग्रुपवर प्राध्यापक मंडळी आहेत म्हणून विचारून राह्यलो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघत आहे. लेटरहेडवर स्थापना १९७३, कमानीवर १९७६. इतिहासाच्या लेखात कोणतं साल टाकायचं?

सी-४०१, सर : दोन्ही, पण वेगवेगळ्या वाक्यांत. १९७३ हे बहुधा संस्थेच्या नोंदणीचं साल, १९७६ हे पहिल्या प्रवेशांचं. महोत्सव मोजायचा तो पहिल्या सत्रापासून. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, नोंदणीची तारीख त्यात सापडते. संस्थेचा नोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो.

ए-१०२, काकू : पण शोध गडचिरोलीपासून सुरू करू नका बाप्पा. तो जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीचे कागद चंद्रपूरच्या नावाने असतात.

सी-४०१, सर : बरोबर. विद्यापीठाचंही तसंच. आज कॉलेज गोंडवाना विद्यापीठाखाली आहे, पण ते विद्यापीठ आलं २०११ मध्ये. १९७६ ची संलग्नता नागपूर विद्यापीठाची. आणि तिथे ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ लिहू नका, ते नाव २००५ मध्ये लागलं. स्मरणिकांमध्ये ही चूक हमखास असते.

बी-२०३ : संलग्नतेचं पत्र मिळालं आहे सर, पण त्यावरची तारीख वर्ग सुरू झाल्याच्या नंतरची आहे.

सी-४०१, सर : पत्राची तारीख सोडा, मजकूर वाचा. ‘१९७६-७७ या सत्रापासून’ असं कुठेतरी असेल. मंजुरी उशिरा येते, लागू मागच्या तारखेपासून होते. कोणते विषय, किती तुकड्या, मान्यता तात्पुरती की कायम, हेही त्याच पत्रात असतं. तेवढे तपशील उतरवून घ्या.

डी-३०४ : कोनशिलेचं साल का नाही घ्यायचं? ते तर दगडात कोरलेलं असते.

सी-४०१, सर : कोनशिला इमारतीची असते भाऊ. नवीन कॉलेजचे पहिले वर्ग तर कितीदा हायस्कूलच्याच खोल्यांत सकाळच्या पाळीत भरतात. आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं बघा, १८८३ चं. आधी कलकत्ता विद्यापीठ, मग अलाहाबाद, आणि १९२३ ला नागपूर विद्यापीठ निघाल्यावर इथलं. इमारतीवरून यातलं काय कळणार?

ए-१०२, काकू : पहिल्या तुकडीची संख्या काढताना जपून. १०+२ ची, म्हणजे दहावीनंतर दोन वर्षांच्या पद्धतीची, पहिली बारावी मार्च १९७७ ची. म्हणजे १९७६ ला बीए भाग एकमध्ये आलेली मुलं जुन्या पद्धतीतून आलेली. पुढे त्याच आवारात ज्युनियर कॉलेज निघालं असेल तर त्याची पटसंख्या यात मिसळू नका, आकडा उगाच फुगतो.

बी-२०३ : प्राचार्यांची यादी ऑफिसातल्या फलकावरून घेतली आहे.

ए-१०२, काकू : फलकावर प्रभारी प्राचार्य नसतात! जुनी वेतन देयकं काढा आणि दर महिन्याला सही कोणाची ते बघा. दोन नावांमधली फट तिथे भरून निघते. ग्रंथालय कधी सुरू झालं हे दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर मिळेल, पहिलं पुस्तक कोणत्या तारखेला चढवलं ते.

सी-४०१, सर : ‘यूजीसी मान्यता’ अशी एकच तारीख देऊ नका. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग; त्याच्या कायद्याचं कलम २(एफ) म्हणजे यादीत नाव, १२(बी) म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्रता. दोन्ही एकाच पत्रात आले नसतील तर दोन तारखा लिहा.

डी-३०४ : कागद सापडलाच नाही तर?

सी-४०१, सर : विद्यापीठात माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘कॉलेजची सर्व कागदपत्रं’ असं मोघम मागाल तर मोघमच उत्तर येईल. सत्र लिहून संलग्नता पत्राची प्रत मागा. मुदत तीस दिवस, प्रत पानाला दोन रुपये. तोवर ‘हितवाद’ आणि ‘तरुण भारत’चे जून ते ऑगस्ट १९७६ चे अंक चाळा.

ए-१०२, काकू : आणि फाटलेल्या रजिस्टरला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. टेपचा गोंद पिवळा पडून शाई खातो. पाने ३०० डीपीआयवर स्कॅन करा, जुने फोटो ६०० वर. फोटोच्या मागची नावंही स्कॅन करा, ती बाजू सगळे विसरतात.

बी-२०३ : सोमवारी चंद्रपूरला जातो. परिशिष्ट एकसोबत आणखी काय मागू?

सी-४०१, सर : मंजूर झालेले चेंज रिपोर्ट, म्हणजे संस्थेने कळवलेल्या बदलांचे अहवाल. कार्यकारिणी कधी बदलली, जमीन संस्थेच्या नावे कधी चढली, हे त्यातच असतं. जाताना नोंदणी क्रमांक लिहून न्या, नुसत्या नावावर शोधायला ते तयार होत नाहीत.