ट्रायम्फ ६५०: इंजिन तापलं की ऑइल प्रेशर पडतं, स्प्रिंग कडक करू का?

फुटाळाकर: वडिलांची १९६५ ची मोटरसायकल आहे. सकाळी सेमिनरी हिल्स चढताना गेज ७५ पौंड दाखवतो. दुपारी ४५ डिग्रीत वर्धा रोडच्या सिग्नलवर काटा ८ वर थरथरतो. मेकॅनिकच्या सांगण्यावरून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे दोन वॉशर टाकले. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) फरक शून्य, उलट थंड इंजिनवर काटा १०० च्या वर.

जुना फिटर: ते वॉशर आधी काढ भाऊ! रिलीफ व्हॉल्व्ह प्रेशर बनवत नाही, जास्तीचं सोडून देतो. ८ पौंडावर तो बंदच असतो, मग स्प्रिंग कितीही ताण, काय होणार? चालताना ६५ ते ८०, आयडलला २० ते २५ हवं. तेल दुसरीकडून निसटतंय. टायमिंग कव्हरमधलं क्रँकच्या टोकाचं सील पाहा. ते ठीक असेल तर बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग) झिजलेत, म्हणजे खर्च.

इतवारीवाला: व्हॉल्व्हचा पिस्टनही एकदा रॉकेलनं धुऊन पाहा. बोटानं ढकलला तर गुळगुळीत सरकला पाहिजे. कचऱ्यानं अर्धवट उघडा अडकला तरी आयडलला असंच होते बापा. आणि तेल कोणतं टाकता? उन्हाळ्यात पातळ नको.

फुटाळाकर: पिस्टन स्वच्छ निघाला. तेल ५० नंबरचं, जाडच. कव्हर काढलं तर सीलची कड वाळक्या पापडासारखी, नखानं तुकडा पडला. नवं मागवलंय. वॉशर काढून डबीत ठेवले.