मदत हवी आहे: 'ग्रामर'चं 'ग्लॅमर' कसं झालं?

मंडळी, 'ग्लॅमर' हा शब्द 'ग्रामर'वरूनच निघालाय म्हणे! व्याकरणाच्या तासाला ते ग्लॅमर कुठे दडून बसायचं कोण जाणे. मध्ययुगात ग्रामर म्हणजे एकूणच लॅटिन पोथ्यांतली विद्या, आणि निरक्षरांच्या लेखी अशी विद्या म्हणजे जादूटोणाच. मंत्रतंत्राच्या पोथीला फ्रेंचमध्ये 'ग्रिम्वार' म्हणतात, तोही याच घराण्यातला. १८व्या शतकात स्कॉटलंडमध्ये ग्लॅमर म्हणजे चक्क नजरबंदी; पुढे तिथल्याच वॉल्टर स्कॉट या लेखकाने तो शब्द इंग्रजीत रुळवला. इथवर पटतं. पण 'र'चा 'ल' कसा झाला? इंग्रजीत अशी आणखी उदाहरणं आहेत का? आणि नजरबंदी मागे पडून सिनेतारकांची झगमग त्याला नेमकी कधी चिकटली? भाषाशास्त्र शिकलेल्या कुणीतरी जरा उलगडून सांगा, एखादं वाचनीय पुस्तक सुचवलंत तरी चालेल.