लिनक्सवर हार्ड डिस्क जोडताच माऊस अडखळतो

प्रश्न (दादर): डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या संगणकाला यूएसबी ३.० हार्ड डिस्क जोडून फाइली उतरवू लागले की बिनतारी माऊसचा बाण अडखळतो. ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संघर्ष असावा का?

उत्तर (मुलुंड): ड्रायव्हरला हात लावण्याआधी माऊसचा रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने डिस्कपासून दूर न्यावा, कारण यूएसबी ३.० मधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो आणि बहुतेक बिनतारी माऊस त्याच पट्ट्यावर चालतात. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

उत्तर (बोरिवली): सहमत. मात्र माऊस थोडा वेळ स्थिर राहिल्यानंतरच बंद पडत असेल, तर पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामच्या ऑटो-ट्यूनने (आपोआप जुळवणीने) माऊसचे ऑटोसस्पेंड, म्हणजे वापर नसताना उपकरण आपोआप झोपवणे, सुरू केले आहे का, ते पाहावे.

प्रश्नकर्ती: लॅमिंग्टन रोडवरून वायर आणली, आता डिस्क चालू असतानाही बाण सुरळीत फिरतो. दोघांचेही आभार.