मार्कुस झ्योडर: मुख्यमंत्री की फोटोमंत्री?

तिरकस: बव्हेरियाचे (जर्मनीचं दक्षिणेकडचं राज्य) मुख्यमंत्री झ्योडर यांच्याबद्दल इथल्या जर्मनीकरांना काय वाटतं? १९९४पासून आमदार, २००३ला सीएसयूचे (फक्त बव्हेरियातला उजवीकडे झुकणारा पक्ष) सरचिटणीस, पुढे पर्यावरण आणि अर्थखातं, मार्च २०१८पासून मुख्यमंत्री. एवढ्या कारकिर्दीतून लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर इन्स्टाग्रामवरचे सॉसेज. नाहीतर वाइट्सहोखहाइम गावच्या फाशिंगमधली (कार्निव्हल) सोंगं: २०१३ला मर्लिन मन्रो, २०१५ला गोल चष्मा आणि पांढरं वस्त्र घालून चक्क गांधीजी! इकडे मतं बघा. २०१३ला आधीचे मुख्यमंत्री झीहोफर असताना पक्षाला ४७.७ टक्के, झ्योडरांच्या दोन निवडणुकांत ३७.२ आणि ३७.०.

न्युर्नबर्गकर: असहमत. २०१८ची निवडणूक त्यांनी खुर्चीत बसल्यावर सात महिन्यांत लढवली. त्याच उन्हाळ्यात केंद्रात गृहमंत्री झालेले झीहोफर निर्वासितांवरून चान्सलर (देशाच्या पंतप्रधान) मर्केलबाईंशी भांडत होते, त्याचं बिल यांच्या नावावर का फाडता? शिवाय उजवीकडे कडवा एएफडी आणि फ्राय व्हेलर हे पक्ष, दोघंही मतं खातायत.
सोंगांचं म्हणाल तर हा न्युर्नबर्गचा प्रोटेस्टंट माणूस. सीएसयूत वजन म्युनिकच्या बाजूच्या कॅथलिकांचं. याआधीचे फ्रँकोनियन (न्युर्नबर्गच्या भागातले) प्रोटेस्टंट मुख्यमंत्री बेकश्टाइन वर्षभरात घरी गेले. अशा पक्षात टिकायचं तर सतत दिसत राहावं लागतं.

इसारकाठ: दिसून मिळालं काय? एप्रिल २०२१मध्ये चान्सलरपदाच्या उमेदवारीसाठी जनमत चाचण्यांत झ्योडर सीडीयूच्या (उरलेल्या जर्मनीतला सीएसयूचा जोडीदार पक्ष) लाशेटांच्या कितीतरी पुढे होते. सीडीयूच्या कार्यकारिणीने तरी लाशेटांनाच उभं केलं. सीएसयू बव्हेरियाबाहेर लढतच नाही, मग बाहेर त्यांची बाजू घेणार कोण? सीएसयूचेच १९८०ला श्ट्राउस आणि २००२ला श्टॉयबर उमेदवार तरी झाले. (झ्योडरांच्या खोलीत पोरवयात श्ट्राउसांचं पोस्टर होतं म्हणे.)

न्युर्नबर्गकर: आणि लाशेटांना उभं करून त्या निवडणुकीत दोन्ही पक्षांना मिळून २४.१ टक्के! हेही लिहा की.

वीजवाला: माझा आक्षेप फोटोंना नाही, कोलांटउड्यांना आहे. फुकुशिमानंतर पर्यावरणमंत्री म्हणून अणुऊर्जा बंद करा म्हणणाऱ्यांत हेच पुढे होते. एप्रिल २०२३ला बव्हेरियातली इसार २ अणुभट्टी बंद होताना मात्र ‘राज्याकडे द्या, आम्ही चालवतो’! आता यात भूमिका कुठली आणि वारा कुठला?

न्युर्नबर्गकर: मधल्या काळात रशियाचा गॅस बंद झाला, साहेब. परिस्थिती बदलल्यावरही जुनंच धरून बसायचं का?
शिवाय २०१९चा मधमाश्या वाचवायचा जनप्रस्ताव (लोकांनी सह्या गोळा करून मांडलेला कायदा) आठवा. साडेसतरा लाख सह्या झाल्या आणि त्यांच्या सरकारने शेतकऱ्यांची नाराजी ओढवून मसुदा जसाच्या तसा मंजूर केला.

तिरकस: त्याच वर्षी झाडाला मिठी मारतानाचा फोटोही काढून घेतला, तो का विसरलात? आणि २०१८चं क्रूस प्रकरण. सरकारी इमारतींच्या दारात क्रूस लावायचा हुकूम काढला आणि पहिला स्वतः कॅमेऱ्यांसमोर टांगला. म्युनिकचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल मार्क्ससुद्धा वैतागले. ज्यांचा क्रूस तेच नाराज!

इसारकाठ: पण कोर्टात तो हुकूम टिकला. संघीय प्रशासकीय न्यायालय, डिसेंबर २०२३.

वीजवाला: क्रूस राहू द्या. पवनचक्की आणि घर यांच्यात चक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर हवं, हा नियम बव्हेरियाने २०१४ला आणला आणि तिथली पवनऊर्जा जवळजवळ ठप्प झाली. झ्योडर मुख्यमंत्री झाल्यावरही तो चार वर्षं तसाच होता, २०२२ला नाइलाजाने सैल केला. उत्तरेची वीज आणायची तर तारांचे मनोरेही नकोत, म्हणून झ्यूडलिंक ही वीजवाहिनी जमिनीखालून. न्युर्नबर्गकर, २०१४च्या त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री कोण होतं हो?