शब्दचर्चा: ‘बीटा लहरी’ की ‘बीटा तरंग’?

वेंगुर्लेकर: बाबांना भोवळ आली म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूची विद्युतनोंद, काढला. अहवाल इंग्रजीत, मोबाइलने मराठी केलं ‘बीटा लहरींचे प्राबल्य’. वाचून दाखवलं तर जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, “माका लहरी म्हणता काय तो?” वेव्हला लहर, लाट की तरंग?

दापोलीकर: बाबांचं काय चुकलं? मराठीत लहर फिरते, लहरी माणसापासून चार हात दूर राहावं. हे हिंदी वळण आहे.

रत्नागिरीहून: हिंदी कसलं? ध्वनिलहरी, रेडिओलहरी आपण कधीपासून म्हणतोय. पण सुटा शब्द घोटाळा करतो, हे मान्य. ‘लाट’ तर नकोच. लाट म्हणजे उधाणाची, धक्क्यावर आपटणारी. डोक्याच्या कातडीवर बीटा भरतो जेमतेम वीस मायक्रोव्होल्टच्या आत, म्हणजे टॉर्चच्या सेलचा पाऊण लाखावा हिस्सासुद्धा नाही. सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा होणारी ही बारीक थरथर, तिला तरंगच शोभतो.

वेंगुर्लेकर: आणि ‘बीटा’ म्हणजे दुय्यम प्रतीचा का?

रत्नागिरीहून: छे. जर्मनीत येना इथे हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युतनोंद घेतली, छापली १९२९ मध्ये. मोठ्या, संथ तरंगांना त्याने अल्फा म्हटलं, लहान नि जलद तरंगांना बीटा. एवढंच. बाबा झोपेची किंवा चिंतेची गोळी घेतात का? त्यातल्या काही गोळ्यांनी बीटा वाढलेला दिसतो. डॉक्टरांना गोळीचं नाव जरूर सांगा.

दापोलीकर: बीटा म्हणजे एकाग्रता असं सगळीकडे वाचतो, मग त्यालाच ‘एकाग्रता-तरंग’ का म्हणू नये?

रत्नागिरीहून: नको, अर्धवट होईल. हात हलवायच्या आधीच मेंदूच्या हालचालीच्या भागातला बीटा उतरतो, हात थांबला की उसळून परत येतो. होडीचा नांगर उचलावा आणि पोचल्यावर पुन्हा टाकावा, तसं. एंगेल आणि फ्रीस या मेंदूसंशोधकांनी २०१० मध्ये कल्पना मांडली की बीटा चालू स्थिती टिकवून धरतो. यासाठी आपल्याकडे कोर्टकचेरीतला तयार शब्द आहे, ‘जैसे थे’. कंपवातात (पार्किन्सन) तर मेंदूच्या खोल भागात हा नांगर रुतूनच बसतो. तिथला वाढलेला बीटा कंपापेक्षा ताठरपणाशी आणि मंदावलेल्या हालचालींशी जास्त जुळतो, लेव्होडोपा हे त्यावरचं औषध दिलं की उतरतो. म्हणजे ‘कंपवात’ हे नावसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतं, पण तो धागा वेगळा काढा.

वेंगुर्लेकर: चिंतेची गोळी रोज रात्री घेतात, उद्या विचारतो. बाबांना ‘तरंग’ सांगून पाहिलं. म्हणाले, “ह्या चलात.”