आजोबांच्या पेटीतली 1929 ची दहा डॉलरची नोट: विकावी का?

पंचवटीकर:
आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ही नोट निघाली. हॅमिल्टनचं (अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री) चित्र, तपकिरी शिक्का, डावीकडे काळ्या अक्षरांत अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका गावाची ‘फर्स्ट नॅशनल बँक’. नंबर ‘डी’ने सुरू होतो, ‘ए’ने संपतो. सराफ बाजारातले एक दुकानदार डॉलरच्या आजच्या भावाने घ्यायला तयार आहेत. आई म्हणते, घाई करू नकोस.

जुनीनोट:
आईंचं ऐका. त्या भावाने मुळीच देऊ नका. ही नोट अमेरिकेत आजही दहा डॉलरला चालते, म्हणजे तो भाव तर तिचा तळ झाला.

1863 पासून 1935 पर्यंत तिथल्या हजारो लहानमोठ्या बँका सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. त्यामुळे बँक बुडाली तरी नोट बुडत नसे. किंमत ठरते ती त्या गावच्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक आहेत त्यावर. एकाच सालच्या, एकाच चित्राच्या दोन नोटांपैकी एक थोडक्या पैशांत जाते, दुसरीला हजारो डॉलर मिळतात.

दोन्ही कडांना काळ्या जाड आकड्यांत बँकेचा सनद क्रमांक (सरकारने बँकेला दिलेल्या परवान्याचा नंबर) आहे, तो बघा. तोच क्रमांक नंबराशेजारी तपकिरी शाईत पुन्हा असेल तर नोट 1933 किंवा त्यानंतरची, दुसऱ्या प्रकारची. तुमची शेवटी ‘ए’ असलेली, म्हणजे पहिल्या प्रकारची. एका तावावर सहा नोटा, त्यांचं पहिलं अक्षर ए ते एफ; तुमची ‘डी’, म्हणजे चौथी.

नाशिकरोडचा:
इथल्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये नोकरी झाली, म्हणून छपाईबद्दल सांगतो. हॅमिल्टनच्या कोटावरून नख हलकेच फिरवा, रेघा उठावदार लागतील. बँकेचं नाव मात्र सपाट लागेल, कारण ते नंतर वरून छापलंय. कागदात लाल-निळे रेशमी धागे दिसायला हवेत. आणि कृपा करून इस्त्री फिरवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. घडी चालते, पण धुतलेली किंवा डागडुजी केलेली नोट जाणकार लगेच ओळखतो.

पंचवटीकर:
धागे दिसले! क्रमांक चार आकडी आहे. तपकिरी शाईत कुठेच नाही.

जुनीनोट:
छान. आता गावाचं नाव आणि तो क्रमांक घालून अमेरिकेतल्या लिलावांचे जुने निकाल शोधा. विक्रेत्यांनी लावलेल्या किमती धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्याच बघा. तोवर नोट पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात, वहीत सपाट ठेवा.